आधी पाणी

आमच्या सुमनची एक खोड होती. कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेली की चपला काढतानाच म्हणायची, "आधी पाणी द्या बाई, गप्पा मग." तहान नसली तरी. लहानपणी गावात तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, भांड्याला हात लागू द्यायचे नाहीत. म्हणून माणूस पारखायची तिची रीत हीच. "पेल्यात दिलं तर बसायचं, नाही तर उठायचं."

मुलानं आम्हाला इकडं अमेरिकेत, अर्विंगला आणलं. घरात बसून ती कंटाळली आणि डबे पुरवणाऱ्या एका मराठी माणसाच्या किचनमध्ये पोळ्या लाटायला लागली. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या काकूंसारखी पोळी सबंध टेक्सासात नाही." मग तिथल्या एका बाईनं सुमनला गाव विचारलं, आडनाव विचारलं. हिनं सांगून टाकलं. लपवणं तिला येतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, "काकू, आजपासून तुम्ही भांड्यांचं बघा. कणकेला हात नको. लोकांचं तुम्हाला माहीतच आहे."

"काल गोड लागली ना पोळी? मग रात्रीत विटाळ कुठनं आला?" असं तोंडावर विचारून ती घरी आली.

मुलगा म्हणाला, "आई, लेट इट गो. दुसरा जॉब बघू."

"जॉब नको मला. माझा पोळपाट परत पाहिजे."

शेवटी मुलानं एक वकीलबाई गाठली. ती म्हणाली, इथल्या कायद्यात जात हा शब्द सरळ लिहिलेला नाही, पण कोण कुठल्या कुळात जन्मलं यावरून कामात भेद करता येत नाही, त्यावर लढू. मुलानं ते मराठीत सांगितलं तेव्हा सुमन हसली. "शब्द नाही आला, वागणं तेवढं विमानात बसून आलं."

केस लावली, पण निकाल लागायच्या आधीच तिचं हृदय बंद पडलं. सकाळी मी तिच्यासाठी चहा गाळला होता, तो तसाच राहिला.

वकीलबाईनं मुलाकडून विचारलं, केस पुढं चालवता येईल, चालवायची का? मला वाटलं, माणूसच गेलं, आता पोळपाट कोणाला आणून देऊ?

आणि मालक भेटायला आला. भर उन्हाचा आलेला, घाम पुसत बसला. "काका, फार वाईट झालं. काकू आम्हाला आईसारख्या होत्या." डोळे भरले त्याचे. खोटं रडत नव्हता. मी सुमनच्या पेल्यात पाणी आणून पुढं धरलं.

"नको काका, आत्ताच पिऊन आलो."

"घोटभर घ्या."

"नको. खरंच नको."

तो गेल्यावर ते पाणी मीच प्यालो. मग मुलाला म्हटलं, "लाव त्या वकीलबाईला फोन. सांग, चालवायची."