शिकंज्यातलं दार

माझा मामा सुतार. हात सोन्याचे, डोकं मात्र सदा भलतीकडे. तरुणपणापासून त्याला देव शोधायचं खूळ. मामीच्या भाषेत, घर सोडून बाकी सगळीकडे शोधायचं. एका मौनशिबिरात तो फोन बंद करून बसला होता, तेव्हा मामी घरात एकटीच वारली. शेवटी ती त्यालाच फोन लावत होती, हे नंतर कळलं.

त्यानंतर त्याला एकच हवं होतं: तिने आपल्याला माफ केलं का, हे कळायला. कोणाकोणाच्या पायाशी बसून आला. सगळ्यांनी ऐकवलं, ती गेली, आता पाश तोड. मामा तोंड पाडून घरी यायचा. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही.

मग एका चर्चमधलं काम आलं. कन्फेशनची लाकडी खोली. मधे जाळी, एका बाजूला फादर बसणार, दुसऱ्या बाजूला पापं सांगणारा गुडघे टेकणार. त्या दुसऱ्या बाजूचं दार निखळलं होतं. मामाने ते चौकटीत घट्ट बसवलं, सरस भरला आणि सांधा हलू नये म्हणून बाहेरून लोखंडी शिकंजे आवळले. सरस वाळेपर्यंत हातावर हात धरून कशाला बसायचं, म्हणून फादरच्या जागेवर बसून जाळीवरची सरकती फळी तासायला घेतली. भरदुपार होती. आत चिटपाखरू नव्हतं.

फळी सरकवली, तर जाळीतून गार श्वास त्याच्या गालाला लागला. मग बाईचा आवाज आला, अगदी हळू.

"फादर, मरताना मी नवऱ्याला शिव्याशाप दिले. तेव्हापासून पुढे जाता येत नाही. मला माफी हवी."

मामाच्या हातातला रंधा पडला. मी नुसता सुतार आहे, असं म्हणायला हवं होतं. "माफ केलं," एवढंच तोंडून गेलं. पलीकडे कोणी उठावं तसं लाकूड करकरलं. तो धावत बाहेर आला. दाराचे शिकंजे तसेच आवळलेले, सरस अजून ओला. आवाज मामीचाच होता, असं तो आजही शपथेवर सांगत नाही.

तो तडक फादरकडे गेला. "फादर, तिने चुकीच्या माणसाकडे मागितलं. माझी माफी चालली नसली तर?"

म्हातारे फादर हसले नाहीत. "पापांची क्षमा तुमच्या हातात नव्हती. पण नवरा म्हणून माफ केलंत, ते तुमचंच होतं. बाकीचं तिच्यासाठी देवाकडे मागत राहू."

"गेलेल्या माणसासाठी?"

"त्यांना तर जास्तच लागतं."

मामा बाप्तिस्मा घेणार म्हटल्यावर घरात वादळ उठलं. आईने बोलणं टाकलं. मी भांडायलाच गेलो. "भास झाला असेल रे मामा तुला."

"असेल," तो म्हणाला. "पण इतकी वर्षं मी स्वतःसाठीच माफी मागत हिंडलो. तिलाही काही हवं असेल, हे डोक्यातच आलं नाही. सगळे म्हणाले, सोड तिला. इथे म्हणाले, तिला अजून तुझी गरज आहे. मग मी कुठे जाऊ, तूच सांग."

त्या रविवारी मी त्याच्यासोबत चर्चमध्ये गेलो. मामा मान खाली घालून मामीसाठी मागत होता. माझा कशावरच विश्वास नाही. पण त्या खोलीकडे पाठ करून बसायची हिंमत मला झाली नाही.