तानाआत्याचे नऊ मार्क

माझ्या आत्याला, तानाबाईला, चाळीसपैकी नऊ मार्क पडले आन मला छत्तीस. आमा दोघींना वळखणाऱ्या ज्यानं ज्यानं ऐकलं त्यो हसला. मला मातर त्या दिवशी रडू आलं. मी सहसा रडत न्हाय, भांडते.

मी फुला. सातवीत शाळा सोडली. मास्तर म्हनले, खिडकीतनं भायेर बघू नको, तर मी खिडकीतनं भायेरच गेले. मग आत्यानं मला मिलमधी, रिळाच्या खात्यात, बदलीवर लावलं. बदली म्हंजी कुणाचा खाडा पडला की तिच्या जागी आपण. मला बरंच हाय. रोज एकाच जागी उभं ऱ्हायला लागत न्हाय.

आत्या तितं अठरा वर्सं हाय. बाबिणीवरचं सूत रिळावर घ्यायचं, लडी करायची, तुटलं की गाठ मारायची, समदं उभ्यानं. मूळची मंद्रूपकडची, शेरडं राखणाऱ्या घरातली. ठेंगणी, बारकी. त्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत न्हाय म्हणून ती बोलतच न्हाय. दोन्ही भुवया वर गेल्या की समजायचं, सूत तुटलंय. एकच गेली की समजायचं, आता गप कामाला लाग. चौदा बायकांचं खातं ती दोन भुवयांवर चालवायची.

पर तीच आत्या, स्वतःसाठी काय ठरवायचं म्हनलं की गेली कामातनं. "चा घेनार का?" म्हनलं तर म्हनती, "कोन कोन घेतंय?" लुगडं घ्यायला गेली की हिला इचार, तिला इचार. एकदा दुकानदार म्हनला, "मावशी, लुगडं तुमी नेसनार हाय का समदं गाव?"

आमच्या खात्याची नायकीण, म्हंजी बायकांची मुकादम, गुरम्मा होती. ती तीन वर्सांमागं घरी बसली. तवापासनं तिचं काम आत्याच करती, पर नाव न्हाय. नायकिणीला बसायला एक स्टूल असतं. ते कोपऱ्यात तसंच. आत्याचे गुडगे सुजल्याले. म्या म्हनलं, बस की. तर म्हनली, "माझं हाय व्हय ते?" भाकरीचं फडकं तेवढं त्याच्यावर ठेवायची. पर रोज सकाळी पदरानं पुसायची, कुणी बघत न्हाय असं बघून. मी बघायची.

अठ्ठ्याहत्तर साली नवा लेबर ऑफिसर आला, शिवशरण सायेब. अक्कलकोटकडचा, पुण्यात शिकल्याला. सात रस्त्याच्या चौकाजवळ खोली करून ऱ्हायचा, सायकलवर यायचा. माणूस चांगला, पर कागदावर लई जीव. आमाला गोळा करून म्हनला, "नायकीण आता वशिल्यानं होणार नाही. स्वभावाची चाचणी होईल. चाळीस प्रश्न, हो किंवा नाही. जिचा स्वभाव जागेला योग्य, तिला जागा."

माझ्या शेजारच्या रिळावरची सुंदरम्मा म्हनली, "स्वभाव कळायला कागद कशाला सायेब, आमच्या नवऱ्यास्नी इचारा की. रडत रडत सांगतील."

जेवनाच्या शेडमधी चाचणी झाली. बऱ्याच जणींना वाचता येत न्हवतं, म्हणून प्रश्न वाचायचा आन खूण करायची माझ्याकडं आलं. सायेब शेजारी बसल्याला.

पयली सुंदरम्मा. "'तुम्हाला दुसऱ्यांना हुकूम द्यायला आवडतं का?'"

"नको यव्वा," म्हनली. "हुकूम कशाला देऊ मी?"

हिचा नवरा हिच्या हुकमाबिगर केस कापून घेत न्हाय. पर चांगल्या घरची बाई व्हय कसं म्हनल? एकूण एक बाईनं त्या प्रश्नाला न्हाय म्हनलं. 'तुमच्यात काही विशेष गुण आहेत का?' ह्याला तर समद्या लाजून तोंडाला पदर लावायच्या.

मग आत्या बसली.

"'तुम्हाला पटकन राग येतो का?'"

"कुणाचा?"

"कुणाचा बी."

"कुणाचा बी कसा यील फुले? माणूस बघून येतो."

सायेब म्हनला, "तानाबाई, फक्त हो किंवा नाही सांगा."

"तुमचा न्हाय येत सायेब."

"'गर्दीत तुम्ही पुढे होता का?'"

"कसली गर्दी? नळाची का मयताची?"

सायेबानं चष्मा पुसला. म्या पुढचा वाचला. "'संकटात तुम्ही शांत राहता का?'"

"संकट कुणाचं हाय त्याच्यावर हाय की. दुसऱ्याचं असलं तर ऱ्हाते."

"रिकामं सोडा," सायेब मला म्हनला. असे चाळीसातले पंचवीस रिकामे ऱ्हायले.

शेवटाला माझा कागद. प्रश्न वाचला की सायबाला काय पायजे ते कळतंय की. वेळेवर येता का, हो. राग येतो का, नाही. एक प्रश्न होता, 'तुम्ही कधी खोटं बोलता का?' तितं म्या हो लिवलं. न्हाय लिवनारा खोटारडा वाटतो. शेंगा खात खात पेपर संपवला. बदलीवालीला कोन नायकीण करतंय, म्हणून डोक्याला ताप करून घेतला न्हाय.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर यादी लागली. वर माझं नाव, तळाला आत्याचं.

"काय लिवलंय?" आत्यानं इचारलं.

"भोंगा झाला, चल."

"फुले, वाच."

एक भुवई वर गेली. वाचलं.

"नऊ म्हंजी कमीच की," ती म्हनली. मग समद्यास्नी सांगत सुटली, आमची पोरगी पयली आली म्हणून. आत जाऊन स्टुलावरचं फडकं उचललं, खिळ्याला अडकवलं. पदरानं स्टूल पुसलं. या येळेला समद्यांच्या देखत. "बस," म्हनली मला.

तवा मी रडले. मग चपला न घालताच सायबाच्या खोलीत गेले.

"सायेब, तुमचा कागद खोटा हाय."

"कागद खोटा नसतो, फुला. पुण्यात मोठमोठ्या कारखान्यांत वापरतात."

"मग मी खोटी. येळेवर येते म्हणून लिवलंय. हजेरी बघा माझी."

त्यानं हजेरीचं बुक काढलं. बघितलं. आनखी बघितलं.

"माझा कागद आत्याकडनं भरून घ्या," म्या म्हनलं. "तिला माझं इचारा."

काय वाटलं त्याला कुणास ठावं, आत्याला बोलावलं. ह्या बारीला प्रश्न त्योच वाचत हुता.

"फुलाला पटकन राग येतो?"

"व्हय."

आत्यानं 'कुणाचा' म्हनलंच न्हाय. सायबानं मान वर केली.

"वेळेवर येते?"

"न्हाय."

"एका कामात मन लागतं?"

"न्हाय."

"गर्दीत पुढे होते?"

"व्हय. दोन्ही गर्दीत."

"कुणाची बाजू घेऊन भांडते?"

"माझी. लई." हे सांगताना तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय.

चाळीसच्या चाळीस, एक बी रिकामा न्हाय. मला सात मार्क पडले. आत्यापेक्षा बी दोन कमी. जिवाला इतकं बरं कदी वाटलं न्हवतं.

सायेब म्हनला, "तानाबाई, स्वतःचं विचारलं तर तुम्हाला सांगता येत नाही. हिचं कसं सांगितलंत?"

"सायेब, मंद्रूपच्या बाजारात शेरडू घेताना त्याला इचारत न्हाईत, तू मारकं हाईस का म्हणून. मालकाला बी इचारत न्हाईत, त्यो खोटं बोलतो. शेजारची शेरडं बघायची. ती लांब उभी असली तर मारकं. अंगाला अंग लावून उभी असली तर गुणाचं."

 सायेब जरा हसून म्हनला, "माझं सांगाल का? मी पटकन विश्वास ठेवतो का?"

"व्हय," आत्या म्हनली. "कागदावर."

दोन दिवसांनी सायेब सकाळच्यापारी खात्यात आला आन दारात नुसता उभा ऱ्हायला. हे मला सुंदरम्मानं सांगितलं, मी अजून पोचायची हुते. मशीनचा पट्टा निसटला, समदी रिळं थांबली. खातं एकदम गप. सायेब पट्ट्याकडं बघत न्हवता, बायकांकडं बघत हुता. समद्या बायकांच्या माना एकीकडंच वळल्या. आत्याकडं. ती पैल्यांदा पट्ट्याजवळच्या शिवबाईचा हात बघत हुती, पट्ट्यात सापडला न्हाय ना म्हणून. मग तिनं भुवया वर केल्या, तशी कोन मेकॅनिकला बोलवायला गेली, कोन सूत सावरायला.

सायेब माघारी गेला. पंधरा दिवसांनी चिठ्ठी आली, नायकीण तानाबाई. खाली सायबानं हातानं लिवलं हुतं, चाचणी रद्द. पुण्याचे बाकीचे कागद त्यानं कपाटात ठेवले, टाकले न्हाईत. जीव हाय त्याचा.

आत्या स्टुलावर बसली. पयल्यांदा काठावर, दुसऱ्याचं असल्यागत. मग जरा मागं सरकली आन दोन्ही पाय मोकळे सोडले. अठरा वर्सं उभ्यानं काम केल्याली आत्या कामावर बसल्याली म्या पयल्यांदाच बघितली. म्हंजी दारातनं बघितली, कारण त्या दिवशी बी मला उशीर झाला हुता.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. घड्याळाकडं बघितलं. नायकीण म्हणून तिचा पयला हुकूम, कुणाला न इचारता दिल्याला, माझा अर्धा दिवस खाडा.

मी भांडले न्हाय.