पोहोचल्याचा फोन

कुणी विकत न आणताही स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड साठतात ना, तसे हे किस्से माझ्याकडे साठलेत. टाकून देववत नाहीत. परवा आम्ही सिडनीत स्कोफिल्ड्सला भाचीकडे जेवायला गेलो होतो. तिथल्या तरुण मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं, "आंटी, तुम्ही विमान चालवायचात ना? हाऊ कूल!"

कूल! आठ वर्षं त्या धावपट्टीवर मी काय चालवलं ते ऐका एकदा. बहुतेक वेळ चहाचा अर्न, म्हणजे पाणी उकळायचं विजेचं पिंप, चालवला.

आम्ही मूळचे वसईचे. माझा नवरा इग्नी इंजिनिअर, त्याला सिडनीपासून सात तासांवरच्या एका गावात पाणीपुरवठ्याची नोकरी लागली. मी तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायचे. गावात गहू, मेंढ्या, दोन पब आणि एक फ्लाइंग क्लब. क्लब म्हणजे पत्र्याची शेड, गवताची धावपट्टी आणि दोन सीटचं एक विमान. दर गुरुवारी शाळा सुटली की मी तिथे शिकायला जायचे. शहात्तर साली मला लायसन्स मिळालं. क्लबात लायसन्स असलेली बाई मी एकटीच.

*

लायसन्स मिळाल्यावर पहिल्याच मीटिंगला क्लबचा अध्यक्ष केन उठून उभा राहिला. केन गव्हाचा मोठा शेतकरी, आवाजही शेताएवढाच. पुढच्या वर्षीपासून आपण फ्लाय-इन भरवू या, म्हणाला. म्हणजे एका वीकएंडला आसपासच्या छोट्या विमानांच्या पायलटांनी आमच्याकडे उतरायचं, पंखाखाली तंबू ठोकायचे, खायचं, प्यायचं, स्पर्धा खेळायच्या आणि रविवारी परत जायचं.

मुख्य स्पर्धा अशी: धावपट्टीवर आडवी चुन्याची रेघ. शनिवारी प्रत्येकाचं पहिलं लँडिंग मोजायचं. ज्याची चाकं रेघेच्या सगळ्यात जवळ टेकतील तो जिंकला. मला त्या क्षणीच त्या रेघेवर उतरायचं होतं! माझा हात वर गेलासुद्धा.

"व्हेरी गुड!" केन म्हणाला. "सँडविचेस रेजिना करणार!"

आणि त्या रेघेचा परीक्षक म्हणून कुणाला नेमलं? इग्नीला! इग्नी विमानात बसला की ओकतो. बसमध्येही ओकतो. पण तो पुरुष होता आणि इंजिनिअर होता. त्याच्याकडे मोजायची फीत होती.

*

पहिल्या वर्षी वाटलं, फक्त सँडविच काय, आपलं काहीतरी करू. फुगे केले. आमच्याकडे लग्नात करतात ते. मैद्याचं पीठ आंबवून तळायचे, गोल, हलके. ताडी कुठून आणू? पिठात बीअर घातली. पहाटे उठून दीडशे फुगे तळले आणि कागदी पिशव्यांत सहा सहा बांधले.

दुसरी एक स्पर्धा होती. पिठाच्या पिशव्या विमानातून खाली आखलेल्या वर्तुळात टाकायच्या. त्या पिशव्या कुणी भरल्या? मीच. घरात होत्या त्याच कागदी पिशव्या.

आलं ना लक्षात?

केन टेबलावरचा खोका उचलून विमानात बसला. मी शेडमधून पळत बाहेर आले तोवर माझे फुगे आकाशातून पडत होते! मेंढ्या चारी बाजूंनी धावत आल्या. एका मेंढीने तर वर्तुळातच ठाण मांडलं.

केन पहिला आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "केन, ते खायचे होते!"

तो म्हणाला, "आत पीठच होतं ना? मग नो वरीज!"

*

आता फोनचं ऐका. तेव्हा पद्धत अशी होती की निघताना पायलटने हवाई खात्याला रेडिओवर किंवा फोनवर सांगून ठेवायचं, "मी अमुक वाजेपर्यंत पोहोचतो." उतरल्यावर फोन करायचा, "पोहोचलो." ती वेळ टळली आणि फोन आला नाही, की शोध सुरू. थट्टेची गोष्ट नाही. त्या ओसाड मुलखात विमान पडलं तर त्या एका फोनवर माणसाचा जीव असायचा.

आमच्या शेडमध्ये एकच फोन आणि उतरणारी विमानं चाळीस. उतरलेला जो तो आधी बीअरकडे!

दुसऱ्या वर्षी समुद्राकडच्या गावातला एक डेंटिस्ट अकरालाच उतरला. बारापर्यंत पोहोचतो असं सांगून निघाला होता. फोन करायचं विसरला. मी होते मेंढ्या हाकलायला, धावपट्टीच्या टोकाला. शेडमधला फोन वाजत राहिला, पण इंजिनांच्या आवाजात ऐकणार कोण? एक वाजून गेल्यावर डोक्यावर एक विमान घिरट्या घालायला लागलं. डेंटिस्ट हातातलं सॉसेज उंच करून त्याला हलवून दाखवतोय!

"अजून एक आला!" तो ओरडला. "याच्यासाठी जेवण ठेवा रे!"

मी धावत येऊन फोन घेतला. पलीकडचा माणूस विचारत होता, या नावाचा पायलट तुमच्याकडे आहे का? म्हटलं, "आहे. सॉसेज खातोय. तुम्ही शोधायला पाठवलेल्या विमानाला टाटा करतोय."

संध्याकाळी केनने सगळ्यांसमोर सांगितलं, "रेजिना, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं."

माझ्या! दात डेंटिस्टचे, विमान डेंटिस्टचं, विसरला डेंटिस्ट आणि लक्षात माझ्या यायला हवं होतं!

तेव्हापासून फळ्यावर चाळीस नावं लिहायची, उतरेल त्याच्यापुढे खूण करायची आणि सगळ्यांचे फोन करायचे, हेही काम माझ्याच गळ्यात आलं. खरं तर ज्याचा फोन त्याने करायचा. पण पलीकडचा तो माणूस चांगला होता. नॉर्म त्याचं नाव. त्याला मी कधीच पाहिलं नाही. दर वर्षी त्या शनिवारी फोन उचलला की माझा आवाज ओळखायचा आणि विचारायचा, "आज कोण कोण पोहोचलं, लव्ह?"

मी यादी वाचायचे. यादीत मी कधीच नसायचे.

*

तिसऱ्या वर्षी मी स्पर्धेचा फॉर्म भरला. तो फॉर्मही मीच टाइप केला होता. केनने चष्मा वर करून वाचला.

"कमिटीवरच्या लोकांना भाग घेता येत नाही, रेजिना."

"हा नियम कधी झाला?"

"आता."

"मग तू कसा घेतोस?"

केन मनापासून हसला. त्याला मी काहीतरी भाबडं विचारलं असंच वाटलं असणार. म्हणाला, "मी अध्यक्ष! मानाचं पद आहे ते. मी काम थोडंच करतो!"

आणि त्या वर्षीही तोच पहिला आला. रेघेपासून नऊ फूट. नऊ! क्लबच्या विमानातून गुरुवारी गुरुवारी मी त्याच रेघेच्या जागी पाच फुटांत उतरत होते, बघायला फक्त मेंढ्या होत्या. घरी येऊन इग्नीला विचारलं, "तू काही बोलला का नाहीस?"

इग्नी म्हणाला, "मी परीक्षक आहे, रेजिना. परीक्षकाने बाजू घ्यायची नसते."

त्या रात्री त्याने स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं.

*

इग्नीचा हा किस्सा सांगितला की तो अजून खोलीतून उठून जातो.

पाचवं वर्ष असेल. इग्नी फीत घेऊन रुबाबात धावपट्टीवर उभा, गळ्यात मीच विणलेला मफलर. परगावचा जो पायलट उतरेल तो थेट त्याच्याशी हात मिळवायचा. मी शेजारी एप्रन घालून. एकाने मला विचारलं, "लव्ह, हे सगळं चालवणारा माणूस कुठाय?"

म्हटलं, "समोर उभी आहे."

त्याने माझ्या मागे पाहिलं!

मग इग्नीकडे वळून म्हणाला, "तू कुठून आलास, मेट?"

इग्नी म्हणाला, "बॉम्बे."

आता यात इग्नीचं काय चुकलं? काहीच नाही. विचारलं तेवढं खरं सांगितलं. पण संध्याकाळी शेडमधल्या जेवणात बक्षीस समारंभ झाला आणि 'सर्वांत लांबून आलेला पायलट' म्हणून केनने कुणाचं नाव पुकारलं? इग्नीचं! टाळ्या, शिट्ट्या! केनला इग्नी माहीत नव्हता असं नाही. तोपर्यंत त्याची सहावी बीअर झाली होती आणि त्या पाहुण्याने चिठ्ठीवर लिहून दिलेलं तो वाचत होता.

मला वाटलं इग्नी सांगेल. सांगितलं की त्याने! माइकवर म्हणाला, "मला विमानात बसलं की ओकारी होते."

लोक पोट धरून हसले. काय विनोदी माणूस आहे! काय नम्र!

आणि ट्रॉफी घेऊन हा घरी! जंबो जेटच्या मधल्या सीटवरून, मांडीवर कागदी पिशवी धरून आलेल्या माणसाला पायलटची ट्रॉफी! वर्षभर ती आमच्या टीव्हीवर होती. मी रोज तिच्यावरची धूळ पुसायचे आणि रोज माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खरं सांगते, मला नुसता राग नव्हता येत. वाईट वाटायचं. ज्या घरात लायसन्स माझं होतं त्या घरात ट्रॉफी त्याची होती.

*

चौऱ्याऐंशी साल. आठवं फ्लाय-इन. दर वर्षीसारखं माहितीपत्रक टाइप करायला बसले. सात वर्षं तीच ओळ टाइप करत होते: 'बाहेरगावाहून विमानाने येणाऱ्या प्रत्येक पायलटला स्पर्धेत प्रवेश.' बोटं त्या ओळीवर थांबली.

प्रत्येक पायलटला!

पत्रकं पाठवली. चाळीस नावं फळ्यावर लिहिली. पाव, लोणी, हॅम मागवलं. मेंढ्या कधी हाकलायच्या, अर्न कुठल्या प्लगला लावायचा, चुना कुठल्या डब्यात आहे, सगळं दोन पानांवर नंबर घालून लिहिलं. तिसऱ्या पानावर एकच ओळ लिहिली: 'मी आजपासून कमिटीचा राजीनामा देत आहे.' शुक्रवारी दुपारी ती तिन्ही पानं घातलेलं पाकीट आणि शेडच्या किल्ल्या केनच्या हातात दिल्या.

त्याने पाकीट न उघडता खिशात घातलं. "यू आर अ जेम, रेजिना. उद्या सातला भेटू."

"उद्या भेटू," मी म्हटलं. सातला म्हटलं नाही.

क्लबचं विमान मी वीकएंडसाठी महिनाभर आधीच भाड्याने बुक केलं होतं. वहीत माझं नाव स्पष्ट होतं. कुणी वाचलं नाही तर मी काय करू? त्याच संध्याकाळी उजेड होता तोवर शेजारच्या गावी उडाले. तिथल्या शाळेतल्या एका मैत्रिणीकडे राहिले. सकाळी निघताना फोन करून सांगितलं, दहापर्यंत पोहोचते.

वरून आमची धावपट्टी दिसली तेव्हा मला हसू आवरेना. शेडच्या दारात फोनसाठी रांग लागली होती. टेबलाशी एप्रन घातलेला एक मोठा माणूस पाव कापत होता. इग्नी रेघेपाशी फीत घेऊन उभा होता. त्याला मी काहीही सांगितलं नव्हतं, मैत्रिणीकडे जाते एवढंच. परीक्षकाने बाजू घ्यायची नसते!

मग हसू गेलं. आठ वर्षं डोक्यात होती ती रेघ आता पुढ्यात होती, आणि ती चुकली असती तर पुन्हा सगळा जन्म सँडविच. वेग कमी केला. रेघेच्या अलीकडे नजर ठेवली. चाकं टेकली.

विमान थांबवून उतरले तर इग्नी चाकांपाशी गुडघ्यावर बसला होता. दोन्ही टायर चुन्याने पांढरे झाले होते. फीत त्याने उघडलीच नाही.

"झीरो," तो म्हणाला. मोठ्याने, इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

केन पाव कापायची सुरी हातात घेऊनच धावत आला. "रेजिना! थँक गॉड! अर्न चालत नाहीये! आणि हे लँडिंग धरायचं नाही हं, ती कमिटीवर आहे!"

"पाकिटातलं तिसरं पान वाच," मी म्हटलं. "अर्नचा प्लग पहिल्या पानावर आहे. मी पाहुणी आहे, केन. चहात दोन चमचे साखर."

आणि फोनच्या रांगेत जाऊन उभी राहिले. पुढे अकरा पायलट होते. एकाने विचारलं, "लव्ह, आमचे फोन करणारी ती बाई यंदा नाही का?" म्हटलं, "नाही आली वाटतं."

माझा नंबर आला. फळ्यावर माझं नाव नव्हतं, मी खडूने लिहिलं, पुढे खूण केली आणि फोन लावला.

"नॉर्म, मी रेजिना."

"कधीची वाट बघतोय!" तो म्हणाला. कागद सरकवल्याचा आवाज आला. "हं, पेन्सिल घेतली. सांग, आज कोण कोण पोहोचलं, लव्ह?"

म्हटलं, "मी."