थर्झाची उडी

थर्झा ओडेलने त्या दिवशी भावाची विजार घातली होती आणि ती तिला मागून भलतीच घट्ट होत होती. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही.

संत अँड्र्यूचा दिवस होता. ऊझ नदीकाठच्या लेस विणणाऱ्या गावांत त्या दिवशी काम बंद असे. बायका विजारी चढवून दारोदार हिंडत आणि बाप्ये झगे घालून, बायकांच्या लेस विणायच्या उश्या मांडीवर घेऊन विणण्याची नक्कल करत. शहाजिऱ्याचे केक आणि एल्डरबेरीची गरम वाइन दुपारपासूनच सुरू होई.

थर्झा पाचव्या वर्षी गवताने ठासलेल्या त्या कडक उशीशी बसली, ती आता छत्तिशीला आली होती. उशीशी बसवलं आईने, नक्षी ठरवली व्यापाऱ्याने. सकाळी लापशी किती पातळ हवी हेसुद्धा भाऊ एफ्रेम ठरवी. स्वतः ठरवावं असं तिच्या वाट्याला प्रथमच काही आलं होतं, ते म्हणजे जाबेझ टिटमसची कांडी.

जाबेझ हाडाच्या कांड्या घडवी. लेसचा दोरा ज्यावर गुंडाळतात तसल्या, बोटभर लांब, खाली काचेच्या मण्यांचं कडं. तिच्यासाठी घडवलेल्या कांडीवर त्याने लाल-निळ्या ठिपक्यांनी अक्षरं कोरली होती: ‘थर्झा, विचार पुरे.’ मुलीने अशी कांडी दोरा गुंडाळून उशीवर टांगली की होकार, परत केली की नकार. थर्झाने ती खणात ठेवली होती. माणूस तिला आवडे. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि गावाने आपल्या आधी ‘हो’ म्हणावं हे तिला नको होतं. ती सणानंतर उत्तर देणार होती.

शेजारच्या केटुरा काकूंबरोबर गाव फिरून ती परतली, तर दारात ही गर्दी. मधोमध जाबेझ आपल्या आईचा जांभळा घागरा नेसून प्रत्येकाशी हात मिळवत अभिनंदन स्वीकारत होता.

“अगं, लग्न ठरलं आणि शेजारणीला पत्ता नाही?” काकू म्हणाल्या.

“मलाही नाही, काकू.”

आत एफ्रेम तिचा रविवारचा झगा घालून उशीशी बसला होता. उशीवर जाबेझची कांडी झुलत होती. तिच्यावरचा दोरा भोपळ्यासारखा फुगला होता आणि खालच्या जाळीत उंदीर शिरल्यासारखी गाठ झाली होती.

“माझ्या खणात हात घातलास?”

“टोपीसाठी टाचणी शोधत होतो. ही सापडली. रिकामी दिसली, टांगली.”

“हे हात आहेत की फावडी?”

जाबेझचा चेहरा हळूहळू उतरला. “म्हणजे नाही?”

“नाही म्हटलंय का मी?”

“मग हो?”

“तेही नाही म्हटलं.”

“चढलेली कांडी उतरवली की नकार, बाई,” काकूंनी नियम सांगितला. “आणि राहू दिलीस तर होकार. मधलं काही नसतं.”

थर्झा उशीकडे बघत राहिली. आता हेही एफ्रेमनेच ठरवलं होतं.

“मेणबत्तीलाच विचारू,” जाबेझ म्हणाला. त्या सणाला पेटत्या मेणबत्तीवरून उडी मारत; ज्योत टिकली तर वर्ष चांगलं. तिने काही म्हणायच्या आत त्याने मेणबत्ती जमिनीवर ठेवली आणि उडी घेतली. तो पार गेला, पण घागऱ्याचा घेर मागे राहिला. ज्योत विझली, काठ धुमसू लागला आणि एफ्रेमने हातातली वाइन त्यावर ओतली.

“चांगली वाइन होती ती,” काकू हळहळल्या.

जाबेझ गुडघ्यापर्यंत ओला, कांडी काढायला निमूट वाकला. एवढा वेळ गप्प राहिलेला तो तिने कधी पाहिला नव्हता.

“हात लावू नकोस,” थर्झा म्हणाली. “माझ्या उशीवर आहे ती. माझ्या उत्तरासाठी उडी तू का मारलीस?”

तिने मेणबत्ती पुन्हा पेटवली, चार पावलं मागे गेली आणि झेपावली. ज्योत हललीसुद्धा नाही. त्याच वेळी काहीतरी टरकन फाटल्याचा आवाज झाला. थर्झा पलीकडे उतरली ती थेट भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“आहे का ज्योत?”

“आहे,” एफ्रेम म्हणाला. “पण माझी विजार—”

“मग कांडी राहील. दोरा मी उद्या नीट गुंडाळीन आणि तुझी ती गाठ सोडवीन. आता सगळे घरी जा.”

कुणी हलेना. काकूंनी तर शहाजिऱ्याचा आणखी एक केक तोडला.

“जाबेझ,” थर्झा भिंतीला तशीच चिकटून म्हणाली, “घागऱ्याच्या आत विजार आहे ना?”

“आहे.”

“मग तो घागरा उतरव आणि इकडे दे. आणि हे बाहेर कुणाला सांगू नकोस.”

जाबेझने तोंड उघडलं आणि मिटलं. मग घागऱ्याची नाडी सोडू लागला.