मी ‘आलो’ म्हणालो तेव्हा

मी ‘आलो’ म्हणालो आणि जागचा हललो नाही.

चूक एवढीच. मग एवढ्याशासाठी कबुली कसली, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. माझ्या फजित्या सांगायला मी कधी लाजलो नाही. चुकून भलत्याच लग्नात जेवून, आहेर करून, फोटो काढून घरी आलो तेही मीच गावभर सांगितलं. पण ही एक गोष्ट बायकोला माहीत नाही, आमच्या कप्तानाला, सदाला माहीत नाही. का सांगितली नाही? — थांबा जरा, तिथवर येतो. ‘येतो’ म्हणालो खरा. माझ्या ‘येतो’ला कितपत अर्थ असतो तेच तर सांगायचंय.

आमच्या कोरेगावच्या मंडळाचा फुटबॉलचा संघ होता आणि मी त्याचा गोलकीपर. झेप चांगली होती म्हणून नव्हे, पळायचा कंटाळा होता म्हणून. गोलात उभं राहायला मिळतं. खांबाला टेकता येतं. चेंडू पलीकडच्या अर्ध्यात गेला, की डोळे उघडे ठेवून छान तंद्री लावता येते. लोकांना वाटतं, काय एकाग्र मुलगा आहे.

लहानपणापासून मी असाच. आई जेवायला हाक मारायची, मी पडल्या पडल्या ‘आलो’ म्हणायचो आणि तसाच छताकडं बघत राहायचो. भाकरी गार व्हायची. आपल्याकडं ‘आलो’चा अर्थ तरी काय? हाक ऐकू आली, एवढाच. येणं ही त्यानंतरची, वेगळी बाब. जाणारा माणूससुद्धा दारातून ‘येतो’ म्हणूनच निघतो. अशा मुलखात माझं एक ‘आलो’ कोण मनावर घेणार?

मेजरनं घेतलं.

हंगाम निम्मा झाला होता आणि आमचा बचावातला भरवशाचा गडी पोलिसात भरती झाला. सदानं माण तालुक्याकडचा एक माणूस शोधून आणला. बिरू मेजर. पलटणीतून परतलेल्या प्रत्येकाला आमच्याकडं मेजरच म्हणतात, तसा हा. चाळिशी उलटलेली, कानशिलावर पांढरं, घरी मेंढरं. पलटणीच्या संघातून देशभर खेळलेला, पण आपल्या जिल्ह्यात एकदाही नाही. आम्ही त्याला बघितलं आणि मी सदाला विचारलं, हा काठी घेऊन खेळणार का? सगळे हसले. मेजरही हसला.

तो पळायचा कमी. चेंडू येणार तिथं आधीच जाऊन उभा असायचा, दुपारी मेंढरं कुठं वळणार ते ठाऊक असल्यासारखा. आणि बोलायचा. खेळताना सारखा बोलायचा. पहिल्याच दिवशी त्यानं मला बाजूला घेतलं आणि एक नियम घालून दिला. मागं चेंडू आला की तो ‘गोली?’ म्हणून विचारणार. मी ‘आलो’ म्हणालो तर चेंडू माझा, तो पाय लावणार नाही. गप्प राहिलो तर त्याचा.

“तुज्या शबुदावर मी पाठ फिरवनार,” तो म्हणाला. “समजून बोल.”

मी मान डोलावली. मान डोलावण्यातही मी पटाईत आहे.

तासगावला उपांत्य सामना होता. उन्हाळ्याचं तोंड, दुपार कलती. माझ्या गोलामागं रस्ता, रस्त्यापलीकडं बेदाण्याची शेड. हिरव्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली, वारा तिकडून येत होता. तुम्ही तो वास घेतलाय का कधी? गोड, जड, झोपेसारखा. मेजरच्या गावची माणसं टेम्पो करून आली होती. त्यात त्याचे वडीलही होते, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. पोरगा पलटणीत चेंडू खेळून पगार घेतो यावर म्हाताऱ्याचा उभा जन्म विश्वास बसला नव्हता. आज तो डोळ्यांनी बघायला आला होता. मेजर सामन्याआधी दोनदा त्याच्याकडं बघून आला, ऊन लागतंय का विचारून आला. एरवी असा हळवा माणूस नव्हता तो.

गोल कुणाचाच नव्हता. सामना संपत आलेला. चेंडू लांब, पलीकडं. मी खांबाला टेकलो — आणि त्या शेडमध्ये गेलो. म्हणजे मनानं. हिरव्या जाळीखाली हिरवा उजेड पडलाय, वरून द्राक्षांचे मणी हळूहळू सोनेरी होताहेत, खाली मी पडलोय. गलका कुठूनतरी येतोय, विहिरीच्या तळातून यावा तसा. कुणीतरी मला हाक मारतंय. आई असेल. भाकरी झाली असेल.

“आलो,” मी म्हणालो.

बस्. नंतर दिसलं ते असं: मेजर चेंडूच्या पुढं उभा, दोन्ही हात पसरून, समोरच्या संघाच्या गड्याला पाठीमागं अडवून धरलेला. चेंडू त्याच्या पायाजवळून येतोय. जोर नाही काही. पायानं थोपवला असता तर थांबला असता. पण मेजरनं पाय बाजूला घेतला होता. आणि माझ्याकडं बघत होता — रागानं नाही, वाट बघत. घरातल्या माणसाकडं बघावं तसा. चेंडू एकदा उसळला, दोनदा, माझ्यासमोरून सावकाश रेषेपलीकडं गेला. मी झेपावलो, तेव्हा तो जाळीला टेकून थांबला होता.

लोकांना काय दिसलं? मेजर उभा राहिला आणि चेंडू गेला. माझा शब्द त्या गलक्यात कुणाच्या कानी पडणार? कुणीतरी मोबाईलवर काढलेलं ते चित्रण पुढं सगळ्यांकडं फिरलं. त्यात मेजर दिसतो, मी दिसत नाही. आवाज येतो तो नुसता वाऱ्याचा. मी ते किती वेळा कानाला लावून ऐकलंय म्हणून सांगू? माझा ‘आलो’ कुठंच नाही. कधी कधी वाटतं, म्हणालोच नसेन. पण म्हणालो होतो.

आम्ही हरलो. म्हातारा मैदानात चालत आला. पोराच्या जवळ गेला, वाकून त्याच्या गुडघ्याला हात लावला.

“बिरू, गुडघं गेलं व्हय रं तुजं?”

मेजरनं माझ्याकडं बघितलं. मी हाताच्या अंतरावर होतो. मी खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागलो. ती आधीच सुटलेली होती.

“व्हय आबा,” तो म्हणाला. “गेलं.”

एक शब्द बोलायचा होता मला. मघाशी न सांगता तोंडातून निघाला होता, तसाच एक. निघाला नाही.

पण कबुली याची नाही. भितात सगळेच. परतताना गाडीत कुणीतरी म्हणालं, मेजर अगदी पुतळ्यागत उभा राहिला की. तेव्हा मी — मीच — म्हणालो, “हार घालायचा ऱ्हायला गड्या.” गाडी हसून हसून वाकडी झाली. पुढच्या सरावाला मेजर आला नाही. गुडघे दुखतात असा सदाला निरोप दिला. आणि ‘पुतळा मेजर’ हे नाव माझ्या तोंडून निघून बाजारातनं थेट त्याच्या गावात पोचलं. त्याच्या बापाच्या कानावरही गेलं असणार. मी ती गोष्ट कट्ट्यावर, जेवणावळीत, पाहुण्यांत सांगत राहिलो. हातवारे करून, चांगली रंगवून. हशा हमखास. माझ्या सगळ्या फजित्या मी माझ्याच नावावर सांगतो, अशी माझी ख्याती आहे. ही तेवढी दुसऱ्याच्या नावावर सांगितली.

आणि मेजर? खरं काय ते त्याला एकट्याला ठाऊक होतं. तो कुठंच काही बोलला नाही.

परवा सदाच्या पोरीचं लग्न झालं. पंगतीत मी आमटीची बादली घेऊन वाढत होतो, आणि वाढता वाढता मांडवाच्या कनातीतून येणारं पिवळं ऊन बघत उभा राहिलो होतो. पलीकडच्या रांगेत माणकडची मंडळी बसलेली, मधोमध मेजर. आता पुरता पिकलेला. त्याच्या शेजाऱ्यानं आमटीसाठी हाक मारली.

“आलो,” मी म्हणालो.

मेजरनं भात कालवता कालवता मानही वर केली नाही. शेजाऱ्याला म्हणाला, “दुसऱ्या कुनालातरी हाक मार. ह्यो आलो म्हनलाय.”