आज पिशवी उलटी करायची नाही

"पिशवी उलटी कर."

मॅनेजर हे रोज म्हणायचा. संध्याकाळी काम आटोपून मी फाटकाशी आले की पिशवी सिमेंटच्या कट्ट्यावर उलटी करायची, मग पदर झटकायचा, मग घरी जायचं. तीन वर्षं. बंगला वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, समोर तोरणा. मालक पुण्याचे. मी झाडलोट करायची, भांडी घासायची, पाहुणे आले की भाकऱ्या थापायची. त्यांना चुलीवरचीच भाकरी लागायची. भाकरी माझ्या हातची चालायची. भरवसा तेवढा चालत नव्हता.

त्या शनिवारी मालकांच्या मुलाचे मित्र आले होते. मी निघाले तेव्हा फाटकाशीच गाड्यांतून सामान उतरवत होते. त्यांच्यादेखत माझी पिशवी उलटी झाली. डबा, फणी, रुमाल, धाकटीच्या औषधाची चिठ्ठी, मिश्रीची डबी. डबी घरंगळत एकाच्या बुटापाशी गेली. त्यानं उचलली, झाकण काढून हुंगली आणि बाकीच्यांना दाखवली.

"मावशींकडे पण माल आहे."

सगळे हसले. एकानं मोबाईल काढून माझा फोटो घेतला. हसण्याच्या नादात डबी हुंगणाऱ्याच्या हातून सांडली. मालकीण मॅडम व्हरांड्यात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या लोकांना सगळी व्यसनं असतात."

मिश्री लावते मी. खोटं कशाला बोलू? भाजलेली तंबाखू, दातांना. आई लावायची, सासू लावायची. वाईट आहे हे मलाही कळतं. पण "या लोकांना" म्हणजे नेमकं कोणाला, हे मला त्या दिवशी विचारता आलं नाही. मी खाली वाकले आणि त्या पोरांच्या बुटांमधून सांडलेली मिश्री बोटानं गोळा केली. तिची काय किंमत होती? तरी गोळा केली. त्याची लाज मला अजून वाटते.

त्यांच्या तीन गाड्या आत आल्या होत्या. एकीचीही डिकी मॅनेजरनं उघडली नाही. उलट सलाम ठोकला. मॅनेजर आमच्याच गावचा, वरच्या आळीचा. आम्ही खालच्या आळीचे, विहारापाशी. शाळेत एका वर्गात होतो. पण फाटकावर तो माझ्या तोंडाकडे कधी बघायचा नाही, फक्त पिशवीकडे. माझं काय काय असतं, ते त्याला पाठ झालं होतं.

रविवारी सकाळी कामावर गेले, तर त्यांतलाच एक हिरवळीवर पडलेला. डबी हुंगणारा. तोंडाला फेस, दात आवळलेले. मित्र नुसते भोवती उभे. मी त्याला कुशीवर वळवला, पदरानं तोंड पुसलं, ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हरनं त्याला नसरापूरला दवाखान्यात पोचवलं. पोरगा वाचला. बरं झालं. कुणाचं का लेकरू असेना.

तासाभरानं ड्रायव्हरचा मॅडमना फोन आला. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं होतं आणि त्यांची गाडी बंगल्याकडे निघाली होती.

मग मॅडम स्वयंपाकघरात आल्या. एरवी त्या तिथं पाऊल टाकत नसत. हातात नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं पुडकं होतं. खुंटीवरची माझी पिशवी त्यांनी स्वतः काढली आणि डब्याखाली ते पुडकं सारलं. मग माझा हात धरला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"ताई, तुम्ही आता घरी जा. हे उद्यापर्यंत तुमच्याकडे असू दे. गेटवर मी सांगितलंय. आज पिशवी उलटी करायची नाही."

मावशीची ताई झाले मी. एका पुडक्यापायी. मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, तरी मला मावशी म्हणायच्या, कारण नाव कधी विचारलंच नव्हतं. चमचा चोरेल म्हणून जिची पिशवी रोज झाडली, तिच्याच पिशवीत आपलं पोरगं लपवायला निघाल्या होत्या.

आणि मी पिशवी घेतली. हेही सांगते. सवयच तशी. सांगितलं की करायचं.

स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत शंभर पावलं असतील. त्या शंभर पावलांत मला माझे दाजी आठवले. सारोळ्याला टेम्पो चालवतात. गांजा ओढायची सवय लागली होती. हायवेवर तपासणीत खिशात पुडी सापडली, चिमूटभर. कुणाला विकतोस म्हणून मारलं. ओढतो म्हणाले, तर कागदावर विकतो असं लिहिलं. जामिनाला उभं राहायला कुणी नाही, म्हणून आठ महिने आत होते. माझ्या बहिणीनं त्या आठ महिन्यांत काय काय ऐकलं, ते मला माहीत आहे. आणि माझ्या घरी दोन मुली. हे पुडकं वस्तीवर सापडलं, तर कोण म्हणणार होतं की ते माझं नाही?

फाटक उघडंच होतं. खालच्या वळणावर जीपचा आवाज येत होता. मॅनेजर घाईनं म्हणाला, "जा, जा. बिगीबिगी जा." त्या दिवशी तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी थांबले. म्हणलं, "भाऊ, पिशवी बघायची राहिली की."

"आज नगं. जा तू."

"न्हाई. नेम म्हंजी नेम."

जीप येऊन उभी राहिली तशी मी कट्ट्यावर पिशवी उलटी केली. डबा, फणी, रुमाल, चिठ्ठी, डबी. आणि पुडकं. नॅपकिन सुटला, पांढऱ्या पावडरीच्या लहान लहान पिशव्या बाहेर आल्या. त्या नशेला एमडी म्हणतात, हे मला नंतर कळलं. फौजदार उतरले. कुणाचं आहे, म्हणाले.

"सायेब, माज्या पिशवीत माजं काय काय असतंय ते ह्याला इचारा. तीन वरीस रोज बघतुय."

फौजदारांनी मॅनेजरकडे पाहिलं. तो कट्ट्याशी आला. मग पाढा म्हणावा तसं म्हणाला, "डबा. फणी. रुमाल. मिश्रीची डबी." धाकटीच्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाला, "हे औषदाचं." आणि थांबला. पुडकं तिचं नाही, असं तो म्हणाला नाही. पण यादी तिथंच संपली.

तरी ठाण्यात मला संध्याकाळपर्यंत बसवलं. कागद पुढं सरकवला, सही कर म्हणाले. मी दहावी झालेली आहे. वाचला. "सदर महिलेच्या ताब्यात मिळून आले," असं लिहिलं होतं. मी पेन खाली ठेवलं. म्हणलं, ताब्यात न्हाई, मॅडमनी पिशवीत घातलं, तसं लिवा. दोनदा दरडावलं. मी बसून राहिले. शेवटी फाटकावरचा कॅमेरा बघून आले. मॅनेजर मला न तपासता पिटाळतोय आणि मीच पिशवी उलटी करतेय, हे त्यात दिसलं, तेव्हा माझा जबाब मी सांगितला तसा लिहून घेतला. मगच सही केली.

आता मॅडम जामिनावर आहेत. मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात. त्यांचे वकील म्हणतात, ही मुलं गुन्हेगार नाहीत, आजारी आहेत, त्यांना जेल नको, उपचार हवेत. टीव्हीवरही तीच चर्चा. कुणी म्हणतं कायदा कडक करा, कुणी म्हणतं सैल करा. मी ऐकते. वकिलांचं मला पटतंही, कारण त्यांतल्याच एकाचा फेस मी पदरानं पुसलाय. तो आजारीच होता. मग माझे दाजी कोण होते? त्यांना कुठलं केंद्र दाखवलं? कायदा एकच, पण आमच्याकडे येताना तो कडक होतो आणि बंगल्यावर जाताना सैल. याची चर्चा करा की एकदा. संताप होतो माझा.

मागच्या आठवड्यात मॅनेजर घरी आला. आमच्या उंबऱ्याला पहिल्यांदाच. पाणी दिलं, ते प्याला नाही. मॅडमचा निरोप होता. कोर्टात एवढंच म्हणायचं, पुडकं कुणी घातलं ते बघितलं नाही. काम परत मिळेल.

"आन पिशवी बी न्हाई तपासणार," तो म्हणाला.

म्हणजे तेवढ्यावर माझं भागेल, असं त्यांना अजून वाटतं.

मी म्हणलं, "माजी तपास की. रोज तपास. पन आदी गाड्यांच्या डिक्या उघड."

तो उठून गेला. पाण्याचा तांब्या मी आत नेला.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. कोर्टाच्या दारात सगळ्यांचीच तपासणी होते, मी विचारून घेतलंय. मी तीच पिशवी नेणार. डबीसुद्धा असेल तिच्यात. रांगेत मॅडमची पर्स असेल आणि माझी पिशवी असेल. माझी मीच उलटी करीन. मग आत जाईन. पुडकं कुणी घातलं विचारतील, तेव्हा मी "मॅडम" म्हणणार नाही. नाव घेणार. आडनावासकट.