देवानं पाठ फिरवल्याचं पान

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. एस.टी.च्या पाट्या वाचत अक्षरं जुळवली. आता गावात पोथी मीच वाचते. कुणी माझ्या उच्चारांत खोट काढली तर पोथी त्याच्यापुढं सरकवते, वाच म्हणते. दुपारी देवळात चार बाया बसल्या की किस्से साचायला काय लागतं? देवाच्या आधी आमची गयाबाई बोलते.

त्या पोथीतच भांडण आहे. एका अध्यायात देव म्हणतो, माझ्या माणसाला मी कधी सोडत नाही. पुढं चार पानांवर म्हणतो, नेम मोडला त्याच्याकडं मी पाठ फिरवतो. मी वाचता वाचता थांबले.

"आता खरं कोणतं?"

गयाबाई वाती वळत होती. "दोनी खरं. आमचे मालक बी म्हनतेत, तोंड दावू नको. अन् ताटावर बसले की, गया कुटं गेली?"

*

परभणीचे एक महाराज कीर्तनाला आले. चहाच्या टायमाला मी त्यांना हेच विचारलं.

"आजी, मला दोन्ही पाठ आहेत. दारूबंदीच्या कार्यक्रमात दुसरं सांगतो, मयताच्या घरी पहिलं."

"अन् तुमच्या सोत्ताच्या घरी?"

महाराजांनी बशी खाली ठेवली. "घरी पहिलंच लागतं, आजी."

प्रामाणिक माणूस. मी आणखी एक कप चहा ओतला.

*

आमची कौसा माळकरी. यंदा ऊसतोडीहून आली ती माळेविना, मोकळ्या गळ्यानं. फडावर नवरा तापानं खंगला, तेव्हा कुणी सांगितलं, मटणाचा रस्सा पाज. हिनं केला. मीठ बघायला थेंबभर जिभेवर घेतला. नवरा उठून बसला आणि हिनं आपल्या हातानं माळ उतरवली. तेव्हापासून ती देवळाच्या पायरीवर बसून पोथी ऐकायची.

"आत ये की," मी म्हटलं. "मीठच बगितलंस न्हवं?"

"चव ग्वाड लागली की, आक्का."

*

पाठ फिरवल्याचं ते पान आलं तसं गयाबाईनं मला कोपरानं ढोसलं. "कौसा बसलीय. दोन पानं एकदम उलट."

"पोथी काय मोबाईल हाय, अंगठ्यानं सरकवायला?"

पायरीवरून कौसा म्हणाली, "वाचा आक्का. मला ठावं हाय."

मी वाचलं, मोठ्यानं. ती शेवटपर्यंत बसली. दुसऱ्या दिवसापासून मात्र आली नाही.

*

समाप्तीला पोथी डोक्यावर घेऊन देवळाला फेरी घालतात. हा मान दरसाल कौसाचा. "औंदा तूच घे," गयाबाई मला म्हणाली. मी पोथी उचलली ती थेट कौसाच्या दारात नेली. मागं सगळ्या बाया. कौसा सोयाबीन पाखडत होती.

"डोई पुढं कर," मी म्हटलं.

ती मागं सरली. "आक्का, पाठ फिरवल्यालं पान हाय न्हवं त्यात?"

"हाय. न सोडायचं बी हाय."

कौसानं सूप खाली ठेवलं. मग तिनं पदराला हात पुसले.

"मग घट्ट बांधा," ती म्हणाली. "एक बी पान पडाया नको."